कोंड्याचा केक

दर्शना साळवेमध्ये एकच खोट होती. तिला खरं बोलायची भारी घाई असायची. समोरच्याने घास उचलला की तो तोंडात जायच्या आत ही सांगून मोकळी, "भाताच्या कोंड्यापासून केलंय बरं का!" की घास परत बशीत.

ठाण्यातल्या एका बेकरीवाल्याने तिच्या पावडरीने फुगवलेल्या केकचे दोन तुकडे मिटक्या मारत खाल्ले होते, कारण त्या दिवशी तिला सांगायला थोडा उशीर झाला. तिसऱ्या तुकड्याला त्याने हात घातला आणि तिने सांगितलं. त्याने हात मागे घेतला, रुमालाने बोटं पुसली आणि म्हणाला, "मॅडम, कोंडा तो भैंस खाती है ना?" दर्शनाने त्याला पाऊण तास समजावलं. त्याने तिला चहा पाजला आणि पुन्हा फोन उचलला नाही.

आता यात न समजण्यासारखं काय होतं, हे दर्शनाला खरंच कळत नसे. केक फुगवायच्या पावडरीत खायच्या सोड्याबरोबर एक आंबट क्षार लागतो, आणि तो क्षार स्फुरदापासून बनतो. ते स्फुरद येतं परदेशातल्या खाणींतून, दगड फोडून. तो दगड काही जन्मभर पुरणार नाही. आणि इकडे आपल्या भाताच्या कोंड्यात स्फुरद नुसतं गच्च भरलेलं असतं. म्हशी तो कोंडा खातात, पण कोंड्यातलं स्फुरद त्यांच्या गरजेपेक्षा जास्त असतं, उरलेलं शेणातून निघून जातं. मग दगड कशाला फोडायचे? दर्शनाने वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात चार पिंपं आणि दोन गाळण्या मांडून तीन वर्षं हेच केलं होतं. कोंडा सौम्य आम्लात भिजवायचा, गाळायचा, चुन्याने साका खाली बसवायचा, मग पुन्हा धुवायचा, सुकवायचा, दळायचा. शेवटी त्यात खायचा सोडा मिसळला की हातात यायची पांढरीशुभ्र, बिनवासाची पावडर. खाण्यायोग्य असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला फ्रेम करून गाळ्यात लावलेला होता. फक्त खाणारं कुणी मिळत नव्हतं.

कोंडा यायचा रघुशेठच्या गिरणीतून. रघुशेठ राहायला माजिवड्याला, भातगिरणी कल्याणच्या पलीकडे. बापजाद्यांची शेती होती, मिठागरं होती. त्यावर आता इमारती उभ्या होत्या, पण गिरणी मात्र त्यांनी हट्टाने चालू ठेवली होती. कोंडा दिवसभरात खवट होतो, म्हणून दर्शनाला जवळचीच गिरणी हवी होती, आणि या भागात अशी गिरणी ती एवढीच उरली होती. पहिल्या दिवशी तिने 'स्फुरद' म्हटल्यावर रघुशेठ चमकून म्हणाले होते, "म्हंजे खताच्या गोणीवर लिवलेलं असतं, त्याच का गो? तू मानसांना खत खायाला घालनार?" तिने समजावलं. त्यांना ते पटलं की तिचा हट्ट आवडला, देव जाणे, पण तीन वर्षं त्यांनी कोंडा दिला.

आणि मार्चच्या शेवटी ते स्वतः गाळ्यावर आले. पिंपांकडे बघत राहिले, खुर्चीवर बसले नाहीत.

"दर्शना, पशुखाद्यवाला आखा कोंडा मागतंय. वर्षाचा करार. मना तिकडं शब्द द्यायचा हाय."

"मग मला?"

"तुला तीन वरसं दिला ना? मी बोललो काय कधी? पन मना एक मानूस दाखव, ज्यानं ह्ये खाल्लंय. एक! माझी बायको लक्ष्मीपन बोलते, कोंडा तो कोंडाच."

दर्शनाने मनात हिशेब केला. कोंडा गेला म्हणजे गाळा बंद, पिंपं भंगारात आणि ती कुठल्यातरी कंपनीत साबणाचा वास तपासायला. आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच तिने केलं. कुणालाही न विचारता शब्द देऊन टाकला.

"चौदा एप्रिलला कोपरला या. जयंतीचा केक असतो आमच्या सोसायटीत. तीनशे माणसं खातात. यंदा माझ्या पावडरीचा असेल."

"तीनशे?" रघुशेठने भुवया उडवल्या. "बरं. चौदाला येतो. पंधराला त्याला फोन करतो. मग हो बोलायचं का नाय, ते तुझा केक सांगंल."

कोपरच्या करुणा सोसायटीतला जयंतीचा केक विकतचा नसतो. बेकरीतून चार मजली निळा केक आणणं कुणालाही जमतं. इथे बत्तीस घरं आहेत आणि प्रत्येक घर चौकोनी डब्यात आपापला एक चौकोन भाजतं. कुणी कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मीठ घालून, कुणी कढईत वाळू टाकून वर परात झाकून. ओव्हन असलेली चार घरंसुद्धा त्या दिवशी कुकरच लावतात, कारण पहिल्या वर्षी कुणाकडेच ओव्हन नव्हता. चारच्या ठोक्याला खाली अंगणात मायाताई थाळी वाजवते आणि बत्तीस गॅस एकदम पेटतात. पाच वाजता बत्तीस निळे चौकोन खाली येतात, क्रीमने जोडले जातात आणि त्याचा एक लांबलचक केक होतो. कुणाचं घर त्यात वेगळं काढता येत नाही. ह्या गोष्टीचा सोसायटीला एवढा अभिमान आहे की लग्न ठरवताना मुलीकडच्यांना आधी ती सांगतात.

मायाताई ही महिला मंडळाची अध्यक्ष. दर्शनाने तिला सगळं सांगितलं, कोंडा, म्हशी, रघुशेठ, पंधरा तारीख, काही लपवलं नाही. मायाताईने अंगणात बैठक बोलावली. दर्शना दोन तास भांडायच्या तयारीने, आलेख काढलेले कागद घेऊन उभी राहिली. पण भांडायची वेळच आली नाही.

"चालेल," पहिल्या मजल्यावरून आवाज आला.

"न चालायला काय झालं? आपलीच पोरगी आहे."

"दे गं पुड्या."

पाच मिनिटांत ठराव मंजूर. तिची आई, कांताबाई, जिने पंचवीस वर्षं शाळेत पोरांना खिचडी शिजवून घातली होती आणि जिला चवीतलं काहीही सांगायची सोय नव्हती, तीसुद्धा मान डोलावत होती. एवढ्या चटकन सगळ्या बायका कबूल होतात तेव्हा काहीतरी शिजत असतं, हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. दर्शना पडली शास्त्रज्ञ. ती आनंदाने घरी जाऊन पुड्या बांधायला बसली.

प्रश्न विचारला तो एकट्या भगवानकाकांनी. काका विधुर, तिसऱ्या मजल्यावरचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं सुट्या भागांची मापं तपासली होती. काकू होत्या तोवर त्यांच्या घरचा चौकोन काकू करायच्या. गेल्या वर्षी त्यांच्या घरची जागा रिकामी राहिली आणि शेजारणींनी आपापला केक थोडा थोडा रुंद करून ती भरून काढली. यंदा काका स्वतः करणार होते, आयुष्यात पहिल्यांदा.

"पुडीवर लिहिलंय, 'ओलं झाल्यावर लगेच भांडे चढवावे'. लगेच म्हणजे किती सेकंद?" त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"काका, एका मिनिटाच्या आत चढवा म्हणजे झालं."

"मग तसं लिही. 'लगेच' हे काही माप नाही." आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं, साठ सेकंद.

चौदा तारखेला सकाळपासून कोपरमध्ये नुसती धमाल. निळ्या पताका, स्पीकरची टेस्टिंग, पांढऱ्या साड्यांना इस्त्र्या, पोरांच्या गालांवर निळे पट्टे. दर्शनाने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. चार वाजता मायाताईने थाळीवर उलथनं हाणलं आणि इमारतभर काड्या ओढल्याचे, गॅस पेटल्याचे आवाज आले. दर्शना जिन्यात मधोमध उभी राहिली, म्हणजे सगळ्या मजल्यांवर कान ठेवता येईल.

पंधरा मिनिटं काहीच नाही. मग दुसऱ्या मजल्यावरून खण्ण करून झाकण पडलं.

कुणाच्यातरी हातातून सुटलं असेल, असं तिला वाटलं. मग चौथ्या मजल्यावर पडलं. मग तळमजल्यावर दोन. मग एकदम सगळीकडून, झाकणं, पराती, ताटल्या, खण्ण, ठण्ण, धाड! "आई गं!" "अगं हा बघ कुठे चाललाय!" "गॅस बारीक कर, गॅस!" बायका ओरडत होत्या, पोरं आनंदाने किंचाळत होती. दर्शना धावत पहिल्याच उघड्या दारातून आत घुसली. ओट्यावरच्या कुकरमधून निळा फेस झाकण डोक्यावर घेऊन वर आला होता आणि आता सावकाश शेगडीवर उतरत होता.

"फुगला!" दर्शना ओरडली. ती या घरातून त्या घरात पळत सुटली. सगळीकडे तेच. निळा फुगा, निळा घुमट, एका घरात तर केक भिंतीवरच्या कॅलेंडरला टेकला होता. "फुगला! फुगला!" तिने एका आजींना धरून गिरकी घेतली, एका पोराच्या गालाचा मुका घेतला, जिन्यात एकटीच नाचली. तीन वर्षांचं ओझं उतरलं होतं. तीनशे माणसं पोटभर खातील आणि रघुशेठ बघत राहतील, आणि तिला कुणाला काही सांगावंसुद्धा लागणार नाही.

मग केक बसले.

एकेक करून, उसासा टाकल्यासारखे. घुमट मध्यभागी खचले, कडा तेवढ्या उभ्या राहिल्या. दर्शना आपल्या घरी पोहोचली तेव्हा कांताबाई कुकरपुढे उभी होती आणि कुकरमध्ये केकच्या जागी निळा खड्डा होता. दर्शनाने त्यातला एक कण जिभेवर ठेवला. तोंड वाकडं झालं. सोडा. नुसता सोडा. तिने ओट्याखालची कचऱ्याची बादली ओढली. तिच्या पुडीचा कागद होता आणि त्याच्याखाली फ्रूट सॉल्टची फाडलेली पुडी होती. एक नाही, दोन.

"आई?"

कांताबाईने फडक्याने ओटा पुसायला घेतला.

"आई, तू वरून हे घातलंस?"

"थोडंसंच."

"दोन पुड्या थोडंसं? मी लिहिलं होतं, दुसरं काहीही घालू नये!" दर्शनाचा आवाज चिरकला. "आणि बाकीच्यांनी? सगळ्यांनीच घातलं ना? कुणी सोडा, कुणी बाजारची पावडर. बैठकीत कशा गपचूप माना हलवत होतात! त्यांचं सोड. तुझाही विश्वास नव्हता माझ्यावर?"

कांताबाई काही बोलायच्या आत खालून मायाताईची हाक आली. पाहुणे आले होते.

अंगणात लांब टेबलावर एकतीस चौकोन ओळीने मांडलेले होते. चौकोन म्हणायची आपली पद्धत. काही बशीसारखे, काही पापडासारखे, एक नुसतीच निळी कड. रघुशेठ पांढऱ्या कडक शर्टात, हातात हार घेऊन आले होते. आधी त्यांनी फोटोला हार घातला, हात जोडले, सगळ्यांना जय भीम घातला. मग टेबलाशी येऊन कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ह्यो केक?"

एकतीस घरच्या बायका आपापल्या पदराशी खेळत होत्या.

"फुगला होता," एक पोरगा म्हणाला. "मग मेला."

गप्प बसली असती तर निभावलं असतं कदाचित. क्रीमने झाकून टाकता आलं असतं. पण दर्शनाने सगळं सांगितलं. "रघुशेठ, माझ्या पावडरीत ह्या सगळ्यांनी आपलंही काहीतरी घातलंय. जास्त वायू झाला, केक पेलू शकला नाही, बसला. माझ्या पावडरीने काय केलं ते यातून कळणार नाही. काहीच सिद्ध झालेलं नाही." एवढं बोलून तिचे डोळे भरले, आणि डोळे भरलेले तिला अजिबात आवडत नसत म्हणून ती पताकांकडे बघू लागली.

रघुशेठ ओशाळले. माणूस वाईट नव्हता. "जाऊ दे गो," ते म्हणाले. "तू कष्ट केलंस. पन मना आता..." आणि त्यांनी खिशातल्या फोनला हात लावला.

"एकतीसच आहेत," मायाताई एकदम म्हणाली. तिने बोटाने पुन्हा मोजले. "एक कमी आहे. भगवानकाका कुठे आहेत?"

भगवानकाका जिन्यातून येत होते. हळूहळू, एकेक पायरी, दोन्ही हातांत थाळा धरून. "पुडीवर लिहिलंय, पंचेचाळीस मिनिटं भाजा, दहा मिनिटं निवू द्या," ते दुरूनच म्हणाले. "तुम्ही सगळे लवकर कसे आलात?"

त्यांनी थाळा टेबलावर ठेवला. केक उभा होता. सरळ, चारी बाजूंनी सारखा, वरून सपाट, निळा, कुठे भेग नाही, कुठे खड्डा नाही. काकांनी खिशातून पट्टी काढून मध्ये टेकवली, मग चारी कोपऱ्यांना. "सव्वातीन इंच. एका कोपऱ्यात एक सूत कमी आहे. ओटा उतरता आहे माझा."

"काका," दर्शनाने विचारलं, आणि तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला, "तुम्ही वरून काय घातलंत?"

काका दुखावले. "काय घातलंत म्हणजे? तू लिहिलंयस ना, दुसरं काहीही घालू नये. हे बघ." त्यांनी वही पुढे केली. मैदा, साखर, दूध, तेल, रंग, पुडी एक. भांडे चढवले, बावन्न सेकंद. खाली रेघ मारून सही केलेली होती.

अंगणात जो काही आरडाओरडा झाला तो शेजारच्या सोसायटीतही ऐकू गेला असणार. मायाताईने थाळी बडवली. स्पीकरवाल्याने काही न समजता गाणं लावलं. पोरं केकवर तुटून पडली, आणि कोंडा, म्हैस, खत, कुणाला काही आठवलं नाही. दर्शना सवयीने तोंड उघडून "हा भाताच्या..." म्हणाली, पण ऐकायला तोंड रिकामं कुणाचंच नव्हतं. रघुशेठ टाचा उंचावून बघत होते. सव्वातीन इंच केक बघता बघता अर्धा झाला, मग पाव झाला.

"अरे, मना ठेवा! जल्ला, माझा कोंडा हाय तो!" ते ओरडले आणि माजिवड्याच्या जमीनदाराने दोन पोरांच्या मधून हात घालून शेवटचा कोपरा पळवला. तो एक सूत कमी असलेला. उभ्या उभ्या तोंडात टाकला. चावला. डोळे मिटले. पुन्हा चावला. मिशीला निळा चुरा लागला होता, तो त्यांनी बोटाने टिपून खाल्ला.

मग त्यांनी फोन लावला. पंधरा तारखेची वाट बघितली नाही. "हां, रघु बोलतोय. कोंडा नाय मिलनार. नाय, भावाचा प्रश्न नाय. मानसं खातात आमच्याकडं." फोन खिशात टाकून ते दर्शनाला म्हणाले, "सोमवारपासून दीडपट पाठवतो. आनि लक्ष्मीसाठी एक पुडी दे. तिला मी बगतो आज."

दर्शनाने मान हलवली. तिने वळून पाहिलं तर कांताबाई टेबलाच्या टोकाला उभी होती, आपल्या खचलेल्या केकसमोर, मान खाली घालून. दर्शनाला आपलं मघाचं बोलणं आठवलं आणि तिला लाज वाटली. पण दुखलंही होतं, ते काही गेलं नव्हतं.

"आई, एकदा सांग. का घातलंस? कोंडा म्हणून?"

"कोंड्याचं काय घेऊन बसलीस? लहानपणी कण्या खाऊन वाढलेय मी." कांताबाईने नाक ओढलं. "तुझी पावडर चालते की नाही ते मला काय कळतंय? पण नाही चालली असती तर? पाहुण्यासमोर तुझं तोंड कसं झालं असतं, ते मला बघवलं नसतं. पावडर पडली असती तरी चाललं असतं गं. तू पडलेली मला चालली नसतीस."

"आमचंही तेच," पहिल्या मजल्यावरची म्हणाली.

"मी तर दुपारी सोडा आणायला गेले, तर दुकानात ही आधीच उभी," दुसरी म्हणाली. "मला म्हणते, लिंबाचं लोणचं घालायचंय. लोणच्याला सोडा!"

दर्शना एकेकीकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतंत?"

"छे! कुणी कुणाला बोललं नाही," मायाताई म्हणाली. "मला वाटलं, मी एकटीच आहे."

एकतीस घरं. एकतीस जणींनी दारं लावून, एकमेकींना कळू न देता, तिला पडू द्यायचं नाही म्हणून चोरून चमचा चमचा घातलं होतं. दर्शना आईच्या गळ्यात पडली आणि हसू लागली, की रडू लागली, ते तिचं तिलाच ठरवता येईना. तेवढ्यात मायाताईने तिच्या हातात क्रीमची पिशवी कोंबली. सात वाजता मिरवणूक निघायची होती आणि त्याआधी एकतीस खड्डे भरायचे होते.